बोर्ड उडाला म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरात घरोघरी कॉम्प्युटरची बोलणी सुरू होतात. इंजिनिअरिंगला किंवा डिझाइनिंगला जाणारी बरीच मुले तयार संच न घेता सुटे भाग जमवतात. प्रोसेसर ऑनलाइन येतो, मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, पुढे नुसता ‘बोर्ड’) पुण्याहून, कॅबिनेट नवी पेठेतून, तर ग्राफिक कार्ड हैदराबादहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून. घरीच जोडणी होते, बटण दाबले जाते आणि काहीच होत नाही. मग कॅबिनेट दुचाकीवर दोघांच्या मध्ये धरून दुकानात नेले जाते आणि पाच मिनिटांत निकाल मिळतो, ‘बोर्ड उडालाय.’ हा निकाल ऐकून नवा बोर्ड घेणाऱ्या पालकांसाठी आणि असा निकाल देणाऱ्या आमच्याच व्यवसायबंधूंसाठी हे पत्र लिहीत आहोत.

नव्याने जोडलेले मशीन सुरू होत नाही, तेव्हा बोर्ड मेला असल्याचा संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. त्याआधी केबल, रॅम, कॅबिनेटचे बटण, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रॅमची) आवृत्ती आणि आपल्या गावात तर घरातले अर्थिंग, एवढ्यांची चौकशी झाली पाहिजे. त्यासाठी एक स्टार स्क्रू-ड्रायव्हर, एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि दीड-दोन तासांची सवड पुरते.

मशीन कुठवर जाऊन अडते ते आधी नीट पाहावे. एकही पंखा हलत नसेल तर वीजपुरवठा किंवा बटण तपासावे. पंखे गर्रकन फिरून लगेच थांबत असतील तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा एखादा भाग अर्धवट बसला आहे. पंखे फिरत राहतात पण स्क्रीन काळीच असेल, तर रॅम, ग्राफिक किंवा बायोस. स्क्रीनवर बोर्ड कंपनीचे नाव येते पण विंडोज चढत नसेल, तर बोर्ड आणि प्रोसेसर बहुधा ठीक आहेत, डिस्ककडे वळावे. ग्राहकाने दुकानात ‘चालू होत नाही’ एवढेच न सांगता यांतले नेमके काय होते ते सांगितले, तरी निम्मे काम होते.

काहीच हालचाल नसेल तर पहिल्यांदा यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढून मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावावे. बॅटरी संपलेला यूपीएस काही वेळा स्वतःच चालू होत नाही आणि बोल कॉम्प्युटरला लागतो. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीवर, एक छोटा स्विच असतो, तो रेघेच्या बाजूला दाबलेला हवा, गोलाच्या बाजूला असेल तर बंद आहे. जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसवर 115 आणि 230 असा लाल सरकता स्विचही असतो. तो 115 वर असताना आपल्याकडची वीज दिली की एसएमपीएस तिथेच जळतो, म्हणून भिंतीच्या सॉकेटला पिन लावण्याआधीच तो पाहावा.

एवढे ठीक असेल तर कॅबिनेटच्या बटणावर संशय घ्यावा. पुढच्या बटणाच्या दोन बारीक वायरी बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात ‘पॉवर स्विच’च्या दोन पिनांवर बसतात. तिथे पिना दाटीने असतात आणि एक घर चुकले की बटण निकामी. मॅन्युअलमधला नकाशा समोर ठेवून वायरी लावाव्यात. दिव्यांच्या वायरींना प्लस-मायनस असते, बटणाच्या वायरींना नसते. खात्री करायची तर बटणाची वायर काढून त्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर एकदम टेकवावे. मशीन सुरू झाले तर बोर्ड ठीक आहे, दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. मशीन सुरू होऊन चार-पाच सेकंदांत न चुकता बंद पडत असेल तर पॉवरचे बटण आत दाबून अडकले आहे का ते पाहावे, कारण बटण चार सेकंद दाबून धरले की बोर्ड वीज तोडतो. रिसेटचे बटण अडकले असेल तर पंखे फिरतात, पण डिस्प्ले कधीच येत नाही. दोन्ही वायरी काढून स्क्रू-ड्रायव्हरने मशीन सुरू केले की मिनिटभरात उलगडा होतो. ही एवढी तपासणी न करता बोर्ड बदलून देणे आम्हाला अक्षम्य वाटते.

एसएमपीएस वेगळा तपासता येतो. वीज बंद करून त्याच्या सगळ्या केबली बोर्ड, डिस्क आणि कार्डापासून काढाव्यात. 24 पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर, म्हणजे पिन क्रमांक 16, आणि शेजारची कोणतीही काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडावी आणि मग वीज द्यावी. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जागा होतो एवढे कळते. काही नव्या एसएमपीएसचा पंखा लोड नसताना फिरतच नाही, म्हणून पंख्यावर विसंबू नये, मीटर लावावा. पिवळ्या वायरीवर 11.4 ते 12.6 व्होल्ट, लालवर 4.75 ते 5.25 आणि नारिंगीवर 3.14 ते 3.46 यायला हवेत. जांभळ्या वायरीवर तर मशीन बंद असतानाही 5 व्होल्ट असतात. तेच नसतील तर बटण कितीही दाबले तरी बोर्ड जागा होणार नाही. सगळ्या वायरी काळ्या असतील तर अंदाजाने तार घालू नये, मॅन्युअलमधून पिन शोधावी किंवा तयार टेस्टर वापरावा. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. भिंतीची पिन काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर विद्युतभार साठून राहू शकतो.

कॅबिनेटबरोबर जवळपास फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसबद्दलही सांगायला हवे. बाहेर मोठ्या अक्षरात ‘450’ लिहिलेले असते. बाजूच्या तक्त्यात 12 व्होल्टच्या रांगेत अँपिअर किती आहेत ते वाचावे. तिथे 16 लिहिले असेल तर 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज याच रांगेतून घेतात. असा एसएमपीएस मीटरवर उत्तम आकडे दाखवतो आणि ग्राफिक कार्ड लावले की माना टाकतो.

एका एसएमपीएसच्या सुट्या केबली दुसऱ्याला लावू नयेत. बोर्डाकडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची, वेगळी असते. केबल बसते नीट, आणि 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जाऊन एसएसडी जळते. मित्राकडून आणलेली जादा केबल हे भाग जळण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

आता पंखा फिरून थांबणारे मशीन. यात पहिली नजर प्रोसेसरजवळच्या 8 पिनांच्या कनेक्टरकडे जावी. 24 पिनांची केबल लावली की पुष्कळांना काम झाले असे वाटते आणि वरच्या कोपऱ्यातली ही केबल राहून जाते. काही बोर्ड तेव्हा फिरून थांबतात, काहींचे पंखे फिरत राहतात पण डिस्प्ले येत नाही. तिच्या जागी ग्राफिक कार्डाची 8 पिनांची केबल जोर लावून घुसवू नये, तिच्यात प्लस-मायनस उलट बाजूंना असतात. प्रोसेसरची केबल चार-चार अशी दुभंगते, कार्डाची सहा-दोन अशी, ही ओळखण्याची खूण.

दुसरे कारण बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब. कॅबिनेटमध्ये मोठ्या बोर्डासाठी नऊ बसवलेले असतात आणि आपला बोर्ड लहान असतो. ज्या ठिकाणी बोर्डाला भोक नाही तिथला स्टँडऑफ तसाच राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतो. पोर्टांभोवतीच्या मागच्या पत्र्याची एखादी पाकळी यूएसबी किंवा लॅनच्या तोंडात शिरली तरी तोच प्रकार. शॉर्ट झाल्यावर एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून घेतो, म्हणून पुढच्या प्रयत्नाआधी भिंतीची पिन काढून मिनिटभर थांबावे.

शॉर्टचा छडा लावायचा खात्रीचा मार्ग म्हणजे बोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढणे. तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्या खोक्यावरच ठेवावा. चंदेरी पिशवीवर ठेवू नये, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. प्रोसेसर, कूलर, एकच रॅम आणि एसएमपीएसच्या दोन केबली, एवढ्यावरच स्क्रू-ड्रायव्हरने सुरू करावे. बाहेर चालते आणि आत चालत नाही, म्हणजे दोष कॅबिनेटमध्ये. बाहेरही चालत नसेल तर उरतात बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस, आणि त्यांना एकेक करून चालू स्थितीतल्या भागाशी बदलून पाहता येते. दुकानात नेण्याआधी घरी एवढे केले, तर समोरच्याला गोलमोल बोलायला जागा राहत नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी ‘पंखे फिरतात, डिस्प्ले नाही’ याच असतात. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाला लावली आहे की बोर्डाला, ते पाहावे. कार्ड असेल तर कार्डालाच लावायची. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी एफ आहे, जसे आय-5 12400 एफ, त्यात ग्राफिक नसतेच. रायझन 5600 मध्ये नसते, 5600 जी मध्ये असते. ग्राफिक नसलेल्या प्रोसेसरबरोबर कार्डाशिवाय बोर्डाच्या एचडीएमआयवर कधीच काही दिसणार नाही, आणि तरीही याच कारणासाठी बोर्ड परत पाठवले जातात.

बऱ्याच नव्या बोर्डांवर कोपऱ्यात चार छोटे दिवे असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक) आणि बूट (डिस्कवरून विंडोज चढणे). सुरू होताना ते क्रमाने लागून विझतात. जो लागून राहिला तिथे गाडी अडली. स्पीकरच्या बीपपेक्षा हे दिवे भरवशाचे, कारण बीपचा अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो आणि आता बोर्डाबरोबर स्पीकर क्वचितच मिळतो.

डीरॅमचा दिवा अडला तर रॅम काढून पुन्हा बसवावी. पुष्कळ बोर्डांवर हल्ली एकाच बाजूची खिट्टी उघडते. त्यामुळे दुसरी बाजू वर राहिलेली लक्षात येत नाही. दोन्ही टोकांवर अंगठ्याने, टक् आवाज येईपर्यंत दाबावे, जोर लागतोच. चार खाचांच्या बोर्डावर एकच रॅम असेल तर प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. नव्या रॅमला खोडरबर घासू नये, फायदा बहुतेक वेळा काढून घालण्यानेच होतो. जुन्या रॅमवर काळपट थर असेल तरच हलकेच घासून रबराचा चुरा ब्रशने झाडावा, नाहीतर तो चुराच खाचेत जातो.

डीडीआर-5 रॅम आणि रायझन 7000 किंवा 9000 मालिकेचा प्रोसेसर असेल तर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमची चाचणी घेत बसतो. त्यात काही मिनिटे जातात, कधी दहा-पंधराही. तोवर स्क्रीन काळी आणि डीरॅमचा दिवा लागलेला. घाबरून बटण दाबले की चाचणी पुन्हा पहिल्यापासून. चांगले मशीन दुकानात पोचते ते पुष्कळदा याच घाईमुळे. जोडणी झाली की वीज देऊन पंधरा मिनिटे त्याला हात लावू नये.

बायोसचा प्रश्न पैशांच्या दृष्टीने जास्त त्रासाचा आहे. बी-450 चा बोर्ड आणि रायझन 5000 चा प्रोसेसर, किंवा बी-660 चा बोर्ड आणि इंटेलची तेरावी पिढी, या जोड्या बसतात, पण बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याचा बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. दोन्ही भाग निर्दोष, आणि डिस्प्ले नाही. बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचे बटण असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने ठेवून प्रोसेसरविनाही बायोस चढवता येतो. बटण नसेल तर जुना प्रोसेसर लावून तो चढवावा लागतो, आणि हे काम दुकानदाराने बोर्ड विकतानाच करून द्यायला हवे. गिऱ्हाइकाने प्रोसेसरचे मॉडेल सांगितले असेल तर ती त्याचीच जबाबदारी.

बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवल्यावर मशीन बंद पडले असेल तर सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंग्जची साठवण, पुसावे. भिंतीची पिन काढावी, बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हर दहा सेकंद टेकवावा, किंवा सीआर 2032 सेल पाच मिनिटे बाहेर काढून ठेवावा.

आता सोलापूरचा खास विषय, ज्याकडे दुकानातले टेबल पाहतच नाही. मशीन दुकानात चालते, घरी नेले की चालत नाही किंवा हाताला झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेचा गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग असेल तर तिथला क्षीण प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे साधारण 110 व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असल्यामुळे माणसाला फक्त झिणझिण्या येतात, पण त्याच वेळी दुसऱ्या सॉकेटवरच्या टीव्हीची एचडीएमआय केबल लावली की तो प्रवाह पोर्टमधून जातो आणि कार्डाचे किंवा बोर्डाचे पोर्ट जळते. मग बोर्ड खरोखरच जातो, आणि नवाही त्याच वाटेने जातो.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यात ओल राहिली नाही की पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिल-मे महिन्यांत नावापुरते उरते. पेठांमधल्या जुन्या घरांत तर पुष्कळ ठिकाणी तीन पिनांच्या सॉकेटला अर्थची वायरच नसते. वायरमनकडून सॉकेटवर मोजून घ्यावे. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा कमी. खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालावे.

काही वायरमन अर्थ नसलेल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतल्या आत तारेने जोडून देतात. झिणझिण्या लगेच थांबतात आणि घरचे खूश होतात. पण नंतर कधी सॉकेटच्या मागच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल तुटली तर कॅबिनेटचा अख्खा पत्रा 230 व्होल्टवर येतो, आणि त्याला हात लावणारे घरातले मूल असते. घरात पंखे, फ्रिज चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर अगदी शून्य दाखवत असेल तर सॉकेट उघडून पाहायला सांगावे. अशी तार दिसली तर ती त्याच दिवशी काढून टाकावी. बोर्डाच्या खर्चाहून ही गोष्ट फार मोठी आहे.

पूर्व भागात, जिथे यंत्रमाग आणि घर एकाच भिंतीआड असतात, तिथे सुताचे तंतू कूलरच्या पात्यांत आणि बटणाच्या फटीत बसतात. जकार्डचे डिझाइन करणाऱ्यांची मशिने दिवसभर चालतात, त्यांच्या कूलरवर दोन-तीन महिन्यांत नमदा तयार होतो. बाहेर 42-43 अंश असताना असे मशीन तापून बंद पडते आणि थंड होईपर्यंत नीट सुरू होत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. नवे मशीन तापत असेल तर मात्र आधी कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लॅस्टिक काढले होते का ते पाहावे. जुन्या रायझनचा कूलर सरळ वर उपटू नये. पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. थोडे चालवून, गरम असताना, बंद करून, आधी हलकेच पिळावा आणि मग उचलावा.

आमच्या दोन विनंत्या आहेत. शासकीय तंत्रनिकेतन, वालचंद इन्स्टिट्यूट आणि आयटीआय यांच्या प्रयोगशाळांत चालू स्थितीतले जुने भाग असतात. निकालानंतरच्या दोन महिन्यांत त्यांनी आठवड्यातून एक दुपार अशी ठेवावी, की गावातल्या कुणालाही आपला एसएमपीएस किंवा रॅम तिथे लावून पाहता येईल. विद्यार्थ्यांचाही हात बसेल. दुकानदारांनी ‘बोर्ड गेला’ असे तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावे, की कोणता एसएमपीएस, कोणती रॅम आणि कोणता प्रोसेसर लावून बोर्ड तपासला आणि कोणता दिवा अडला. हे लिहायला दोन मिनिटे लागतात.

ग्राहकांनी बोर्ड घेताना जीएसटीचे बिल घ्यावे आणि प्रोसेसरच्या सॉकेटवरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण फेकून देऊ नये, बऱ्याच कंपन्या त्याशिवाय वॉरंटीत बोर्ड घेत नाहीत. प्रोसेसर बसवण्याआधी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून सॉकेटच्या पिनांचा स्पष्ट फोटो काढावा, आणि दुकानात बोर्ड सोडताना काउंटरवरच पुन्हा एक काढावा. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, आणि ती कुणाच्या हातून वाकली हा वाद फोटोशिवाय मिटत नाही.

आपले विश्वासू,
संगणक दुरुस्तीचे काम करणारे काही कारागीर,
सोलापूर